कानामागचा वार

मिन्नाबाईने परातीतले लाल पाणी मागच्या दारी झुडपात ओतले, पंपाखाली परात विसळली आणि पुन्हा भरून आत आणली. चुलीशेजारच्या बाकावर बसलेल्या पाहुणीने मांडीवरची टोपली अजून सोडली नव्हती.

"ठेवा ती खाली, बाई. मेला नाही तुमचा मुलगा."

"मग एवढं रक्त कुणाचं?"

"त्याचंच. आणि त्या दुसऱ्याचं. थोडं डॉक्टरांचंही असेल, सकाळच्या वेळी हात थरथरतो त्यांचा." मिन्नाबाईने कापडाचे बोळे पाण्यात टाकले. "दर शनिवारी हेच असतं. नदीपलीकडे येना शहर, तिथे पोलीस. अलीकडे माझी खाणावळ, इथे पोलीस येतात ते बिअर प्यायला. म्हणून विद्यापीठातली पोरं इथे येतात. जिन्यावर रक्त सांडतात, वर माझ्याच नवऱ्याला विचारतात, सॉसेज आहेत का."

हुल्डाला त्यातले निम्मेच समजले. झोनेबर्गच्या डोंगरातून ती आदल्या दिवशी निघाली होती. गाडी बदलत, फलाटावर डुलक्या घेत, टोपलीतला चेरीचा केक कलंडू न देता ती आली होती, कारण उद्या तिच्या मुलाचा, एवाल्डचा, वाढदिवस होता. त्याच्या खोलीच्या मालकिणीने नुसते बोट दाखवले: पुलापलीकडे, फळबागेतून वर, तिथे असेल तो. बागेतून वर चढताना तिला पाखरे ऐकू आली. मग खाणावळीच्या वरच्या खिडकीतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडले. आणि तिने हाक मारली. लहानपणीच्या नावाने, ज्या नावाने आता गल्लीतले कोणी त्याला हाक मारत नव्हते.

"वाल्दी! वाल्दी रे!"

पुढचे तिला नीट आठवत नव्हते. मिन्नाबाईने तिला दंडाला धरून आत ओढले होते, एवढे खरे.

"कोणी मारलं त्याला?"

"मारलं नाही हो." मिन्नाबाईने ओल्या हातांनीच हवेत दोन माणसे उभी केली. "समोरासमोर उभे राहतात, अंतर मोजून. डोळ्यांवर लोखंडी चष्मा, गळ्याभोवती हा एवढा जाड पट्टा. पाय हलवायचा नाही, मान हलवायची नाही. नुसता हात चालवायचा. तोंडावर वार द्यायचा, तोंडावर घ्यायचा."

"भांडण कशावरून झालं?"

"कशावरून नाही."

"म्हणजे?"

"भांडण नसतंच, बाई. विद्यार्थ्यांची मंडळं असतात. ह्या मंडळाचा एक, त्या मंडळाचा एक. वरचे लोक जोड्या लावून देतात, लग्नाच्या लावतात तशा."

हुल्डाने टोपली छातीशी धरली. तिला एकदम मायनिंगेनचे कोर्ट आठवले. नवरा गेल्यावर बाहुल्यांचा कारखाना तिच्या नावावर करून घ्यायला ती तिथे गेली होती. जज्जसाहेबांच्या डाव्या गालावर कोणी नांगर फिरवल्यासारखी खोबण होती. नोटरीच्या गालावर तशीच. सरकारी डॉक्टरच्या तर दोन. गावात सगळे म्हणत, साहेबलोकांना घोडे लाथा मारतात. सरकारी घोडा फार लाथाळ, असा गावात विनोदच होता. तीही इतकी वर्षे त्यावर हसली होती.

दारात टाचा जुळल्याचा आवाज झाला. एक उंच, सोनेरी केसांचा तरुण कमरेत वाकून उभा होता. डाव्या गालावर डोळ्याखालपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत काळ्या दोऱ्याचे टाके होते, आणि त्यांच्या कडेने रक्त अजून ओले होते.

"डेटलेफ हार्टविग," तो म्हणाला. "बाईसाहेब, आज आपल्या चिरंजीवांसमोर मीच उभा होतो. म्हटलं, स्वतः येऊन भेटावं."

हुल्डा उठली. टोपली बाकावर ठेवली. दोन पावले पुढे गेली आणि तिने हात उचलला. आयुष्यात तिने कोणाला थोबाडीत मारली नव्हती. हात वर गेल्यावर पुढे काय करायचे ते हाताला सुचेना. टाके घातलेल्या गालावर कसे मारायचे, म्हणून तो क्षणभर तसाच अधांतरी राहिला. डेटलेफने तो दोन्ही हातांनी अलगद धरला, आणखी वाकला आणि बोटांवर ओठ टेकवले.

मिन्नाबाई चुलीकडे तोंड करून खोकली.

"हा त्याने दिला," डेटलेफने गाल पुढे केला. नवा कोट दाखवावा तसा. "बघा तरी. काय जागा साधलीय! दोन वर्षं मी उभा राहतोय, तर एकदा कपाळावर केसात लागला, एकदा नुसतं खरचटलं. डॉक्टरांना म्हटलं, टाके फार बारीक घालू नका."

"का?"

"मग वण दिसणार कसा?"

हुल्डाने पाहिले. तिला चेहरे बघायची सवय होती. तिच्या घरी लांब टेबलाभोवती पाच बायका बाहुल्यांची डोकी रंगवत. गालाची लाली आणि भुवया तेवढ्या हुल्डा स्वतः काढी. एखाद्या डोक्यावर ओरखडा गेला की ते मागच्या कोठारात टाकायचे, ते कोणी घेत नाही. लाली लावताना बायका गात असत,

*गोऱ्या गं गालाला, लाली लाविते बोटानं,*
*दूरदेशी जाशी बाई, दृष्ट लागो ना वाटेनं.*

ह्या पोराच्या ओठाचा कोपरा आता जन्मभर जरा वर ओढलेला राहील, तिला दिसले. म्हातारा झाला, कोणाच्या मयताला गेला, तरी आता हसेल की मग, असा दिसत राहील. आणि हे तिच्या वाल्दीने केले होते. ज्याला कोंबडी कापायच्या दिवशी शेजारी धाडावे लागे, त्याने.

"दुखतंय का रे?" तिने विचारले.

"हसलो की," डेटलेफ म्हणाला आणि हसला, मग त्याने डोळे घट्ट मिटले.

"आई आहे तुला?"

"आहे ना, ल्युबेकला. टाके निघाले की फोटो काढून पाठवीन."

"रडेल ती."

"रडेल, रडेल. मग चौकट करून बैठकीत लावेल, आणि येईल त्या बाईला दाखवेल."

रागवायला हुल्डा उठली होती, पण ज्याच्यावर रागवायचे तोच तिच्यासमोर लेकरासारखा उभा होता. क्षमा मागावी, तर तिच्याच मुलाचे रक्त परातीत होते.

"आणि एवाल्डचं? त्याला कुठे लागलंय?"

डेटलेफचे हसू उतरले. त्याने मिन्नाबाईकडे पाहिले. मिन्नाबाईचा चमचा पातेल्यात थांबला.

"त्याला कानामागे बसला," तो हळू आवाजात म्हणाला. "खोल नाही. लवकर भरेल." पुन्हा कमरेत वाकून तो बाहेर गेला.

"कानामागे तर कानामागे," हुल्डा म्हणाली. "बरंच झालं. केसांखाली झाकून जाईल."

मिन्नाबाईने हात पुसले आणि ती हुल्डाच्या शेजारी येऊन बसली. बाक करकरला.

"बाई, माझ्याकडे बघा. समजा, अशी मी तुमच्यासमोर उभी. तुमच्या हातात तलवार. माझ्या कानामागे कशी लागेल?"

हुल्डाने पाहिले. मिन्नाबाईने सावकाश मान वळवली आणि कानामागची पांढरी कातडी तिच्यासमोर आली.

"अशी," मिन्नाबाई म्हणाली. "मान हलवली तरच. आणि ह्या पोरांत मान हलवण्यासारखी लाज नाही. नाक कापून घ्या, कान कापून घ्या, वरून हसा. पण मान हलली की माणूस गेला. आता वर त्याच्या मंडळाचे सगळे बसलेत. ठेवायचा की काढायचा, ते ठरवतायत."

"काढायचा म्हणजे?"

"टोपी काढून घ्यायची, छातीवरची रंगीत फीत काढून घ्यायची. मग तो त्यांचा कोणी नाही. रस्त्यात दिसला तरी ओळख द्यायची नाही."

"म्हणजे पुन्हा कोणी त्याच्यावर तलवार धरणार नाही?"

"नाही."

हुल्डाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरले. मिन्नाबाईला ते दिसले असावे, कारण तिने हुल्डाच्या गुडघ्यावर थोपटले. "मी तेच म्हणते. देवाने दार उघडलंय. पोराला घ्या आणि चालू लागा."

एवाल्ड बागेच्या टोकाला, फोडलेल्या लाकडांच्या ढिगाजवळ उभा होता. डोक्याभोवती पट्टी, एका बाजूचा केसांचा झुपका कापलेला. निळी टोपी हातात होती. तिची कड तो बोटांनी फिरवत होता, जपमाळ ओढावी तसा. आईला पाहून तो जागचा हलला नाही.

"कशाला आलीस?"

"उद्या वाढदिवस ना तुझा."

"पत्र टाकायचंस."

"दाखव बघू."

"काही नाही तिथे बघण्यासारखं."

हात न लावता ती त्याच्याजवळ उभी राहिली. त्याला जखमेवरच्या कार्बोलिक औषधाचा वास येत होता. त्याच्याखाली तोच जुना, झोपेतून उठवतानाचा वास.

"वाल्दी, घरी चल," ती म्हणाली. "काढलं तर काढू दे. मला नाही बाबा समजत हे. गाल फाटला तर मान, आणि गाल वाचला तर लाज. कुठल्या गावचा न्याय हा?"

"तुला नाहीच समजणार."

"मग सांग ना समजावून."

"मायनिंगेनचे सगळे साहेब ह्याच मंडळातले. कचेरीत गेलो की आधी गाल बघतात, मग कागद बघतात. एकदा काढलेल्या माणसाला कुठेच घेत नाहीत, आई. घरी येईन मी. बाहुल्या रंगवीन तुझ्या शेजारी बसून!"

बाहुल्या रंगवूनच हे पोर वाढले होते. पण त्याचा आवाज मधेच चिरकला होता. बापाच्या मयताला तो ताठ उभा होता, डोळ्यात पाणी नव्हते. आता त्याची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती आणि तो ती दातांनी आवरू पाहत होता.

"आणि ही टोपी गेली तर?" तो म्हणाला. "मला सगळे भाऊ म्हणतात, आई. मला कोण होतं भाऊ?"

वाऱ्याने चेरीची पाने उलटीसुलटी केली. वरच्या खिडकीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी उभा होतो नीट," तो एकदम म्हणाला. "चांगला उभा होतो. त्याला मी दिला ना वार? सगळ्यांनी पाहिला. आणि मग तू हाक मारलीस."

हुल्डाचा हात तोंडाकडे गेला.

"वाल्दी, वाल्दी! अगं, वाल्दी काय? तुझी हाक आली आणि मान वळली."

बागेतून चढतानाचा तो क्षण तिने पुन्हा आठवून पाहिला. लोखंडावर लोखंड. मग एक शांतता, आणि त्या शांततेत आपला आवाज. की आपल्या आवाजानंतर शांतता? कोणीतरी 'थांबा' म्हणून ओरडले होते. आधी की नंतर? धाग्याचे टोक तिच्या हाती येत होते आणि निसटत होते.

"मग तसं सांग ना त्यांना."

"असं सांगता येत नाही."

"का?"

"नाही सांगता येत! आईने हाक मारली म्हणून? हसतील."

"मग मी सांगते."

तो नको म्हणाला नाही. हो म्हणाला नाही. त्याने टोपी उलटी केली आणि आतल्या अस्तराकडे बघत राहिला. ती खाणावळीकडे वळली.

स्वयंपाकघराच्या दारात मिन्नाबाई आडवी आली. "कुठे निघालात? बायकांना वर मनाई आहे."

"मी खाली होते तेव्हा त्याचा घात झाला. आता वर जाऊन आणखी काय वाईट होणार?"

"अहो, राहू द्या. गप्प बसलात तर पोरगं तुमच्या घरी येतंय. तोंड उघडलंत आणि त्यांनी ठेवलं त्याला, तर पुन्हा उभं करतील. कळतंय का?"

"कळतंय," हुल्डा म्हणाली. खरे तर तिला एवढेच कळत होते की लाकडांच्या ढिगापाशी ते पोर जसे उभे होते, तसे त्याला सोडून आपल्याला गाडीत बसता येणार नाही.

जिन्यावर भुसा पसरला होता. मधल्या पायरीवर डेटलेफ भिंतीला टेकून बसला होता, हातात डॉक्टरांनी मना केलेली बिअर. तो दुसऱ्या मंडळाचा. आतल्या बैठकीत त्याला जागा नव्हती. त्याने पाय आवरून तिला वाट दिली.

दार उघडताच आतले सगळे उठून उभे राहिले. टोप्या एकदम खाली आल्या. लांब खोली, खिडक्या उघड्या, जमिनीवर भुशाचे ओले लाल गोळे. निळ्या टोप्यांतला सर्वांत थोरला, त्यांचा प्रमुख, टेबलाच्या टोकाला होता. वय पंचविशीचे असेल, पण गालांवर इतक्या रेघा की त्याचे म्हातारपण आधीच येऊन बसल्यासारखे वाटे.

"बाईसाहेब, आम्ही आपल्याला खुर्ची देऊ शकत नाही, कारण आपण इथे असायलाच नको," तो म्हणाला आणि त्याने खुर्ची पुढे केली.

ती बसली नाही. "मी एवाल्डची आई. खाली बागेतून हाक मारली ती मी. मला ठाऊक नव्हतं इथे काय चाललंय. माझ्यामुळे त्याची मान वळली. त्याला शिक्षा करू नका."

मागे कोणाचा तरी पाय भुशात फिरला. कोणी हसले नाही.

"बाईसाहेब," प्रमुख म्हणाला, "आम्ही कारण विचारत नाही."

"कारण विचारत नाही, तर मग इतका वेळ ठरवता काय?"

"मान हलली की नाही, एवढंच."

"हलली. पण..."

"छप्पर कोसळलं तरी मान हलायची नाही. तेवढ्याचसाठी तर हे सगळं असतं."

"छप्पर कोसळलं तर तुम्ही उभे राहाल?"

"राहायला हवं."

"आणि तुमच्या आईने हाक मारली तर?"

त्याने टेबलावरचा भुशाचा कण बोटाने उचलला, पाहिला आणि खाली टाकला. "मी लहान असतानाच गेली ती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हुल्डा ज्याच्याशी भांडायला जाई, त्याच्याकडे भांडायला काही उरलेलेच नसे.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हाकेमुळे मान वळली, असं एवाल्डने सांगितलं आपल्याला?"

त्याने ते अतिशय हळू विचारले होते. तरीही मऊ माशाच्या तुकड्यात जिभेला काटा लागावा तसे तिला त्या प्रश्नात काहीतरी लागले. हे लोक घाबरलेल्याला कदाचित सोडतील. सबब सांगणाऱ्याला सोडणार नाहीत. तिला त्यांचे कायदे ठाऊक नव्हते, पण मुले कशी उभी राहतात ते तिला ठाऊक होते. ही सगळी मुले आता तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "तो एक शब्द बोलला नाही. तिकडे लाकडांपाशी उभा आहे मुक्यासारखा. हे माझं मलाच वाटलं."

"आपल्याला वाटलं."

"मला वाटलं."

प्रमुखाने इतरांकडे पाहिले. एकेकाने मान डोलावली. खिडकीतल्या जाड्या मुलाने सर्वांत आधी.

"त्याने सबब सांगितली असती, तर आज फीत काढून घ्यावी लागली असती," प्रमुख म्हणाला. "गप्प राहिला, हे चांगलं केलं. आजची चूक धरणार नाही. जखम भरली की पुन्हा उभा राहील. तेव्हा मान हलली नाही, तर आजचा विषय कोणी कधी काढणार नाही." मग जरा खाली वाकून, खऱ्याखुऱ्या मायेने तो म्हणाला, "अभिनंदन, बाईसाहेब."

ती बाहेर आली. मागे दार लागले, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी मोकळे हसले. पहिल्या पायरीवर तिला उमगले, की आपण आत्ता काय करून आलो. मिन्नाबाईने सांगितलेले दार उघडेच होते. तिने ते स्वतःच्या हाताने लोटून घेतले होते. तिने कठडा धरला.

"ठेवला ना?" डेटलेफने खालून विचारले. तिच्या चेहऱ्यावरून त्याने ओळखले. "ठेवणारच. मी आत असतो तर मीही ठेवला असता."

"माझ्यामुळे झालं सगळं."

"कसं तुमच्यामुळे?"

"मी हाक मारली ना."

डेटलेफ उठला. जिन्याच्या अंधारात त्याचा न शिवलेला गाल तिच्या बाजूला होता आणि त्या बाजूने तो अगदीच कोवळा दिसत होता.

"काकू," तो म्हणाला. ते 'बाईसाहेब' कुठल्या कुठे गेले. "ते मनात धरून जाऊ नका. हाक नंतर आली. मी त्याच्यासमोर उभा होतो. त्या लोखंडी चष्म्याच्या जाळीतून डोळे दिसतात. आधी त्याचे डोळे मिटले. मग मान गेली. मग माझी तलवार बसली, मग 'थांबा' झालं, आणि मग खालून तुमचा आवाज आला. तुम्ही 'थांबा' ऐकूनच घाबरला असाल."

"नक्की?"

"नक्की. तुमचा काही दोष नाही." तिला आनंद होईल, म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. तो झाला नाही, तेव्हा जरा गोंधळून तो म्हणाला, "त्यात काही नाही हो. माझेही मिटले होते, पहिल्या वेळी. तेवढ्यात समोरच्याची तलवार मोडली म्हणून वाचलो. कोणाला सांगू नका."

हुल्डाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधाराने उरलेल्या पायऱ्या उतरली. एका ओझ्याच्या जागी दुसरे आले होते. ते हलके की जड, तिला सांगता आले नसते. मघाशी ती चुकलेली आई होती. त्या चुकीचे काय करायचे ते सोपे होते. आता तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी एवाल्डलाही ठाऊक होती आणि जिच्याबद्दल दोघांनी एकमेकांना विचारायचे नव्हते. की त्याला ठाऊकच नव्हती? भीतीने डोळे मिटलेल्या माणसाला आधी काय झाले, मग काय झाले, हे खरेच कळते का? तिला तरी कुठे आठवत होते?

स्वयंपाकघरातून जाताना मिन्नाबाईने तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला.

एवाल्ड आता लाकडांवर बसला होता. ती जवळ येईपर्यंत तो वाटेकडे बघत होता. ती पोचली तशी त्याने नजर खाली घेतली.

"काय म्हणाले?"

"जखम भरली की पुन्हा."

त्याने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, की होता तो गेला? गालावर रंग चढवण्यात तिचा जन्म गेला होता, पण तिला ते सांगता येईना.

"म्हणजे काढलं नाही."

"नाही काढलं. अभिनंदन म्हणाले मला."

"तुला?"

"मला."

तो हसू की नको अशा बेतात राहिला. मग टोपीची कड पुन्हा बोटांत फिरू लागली. "तू सांगितलंस त्यांना? हाकेचं?"

"सांगितलं."

"मानलं त्यांनी?"

पट्टीखालून कानामागे कापसाचा एक धागा सुटून लोंबत होता. ती वाकली आणि दोन बोटांनी तिने तो हळूच आत सारला. तो शहारला, पण त्याने मान हलवली नाही.

"मानलं," ती म्हणाली.

एवाल्डने मान डोलावली. पुन्हा डोलावली. जरुरीपेक्षा जास्त वेळ तो डोलावत राहिला. खाणावळीतून सगळे गात खाली उतरत होते. कोणीतरी त्याला त्याच्या आडनावाने बोलावले, मग थांबून 'भावा' म्हणून. तो उठला, टोपी पट्टीवर बेतानेच ठेवली, कोट खाली ओढला आणि दोन पावले गेला. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच उभा राहिला.

"आई, पुढच्या वेळी तू येऊ नकोस."

"येणार."

"आई."

"इथेच, खिडकीखाली उभी राहीन. तुला ठाऊक असू दे, मी आहे म्हणून."

तो वळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत सरळ पाहिले, खूप वेळ, जणू तिने वर खोलीत काय सांगितले आणि जिन्यात काय ऐकले ते तिथे कुठेतरी दिसणार होते. बागेत तिकडे पोरे त्याची वाट बघत गाण्याचे तेच कडवे पुन्हा घोळवत होती.

"आणि हाक मारशील?" त्याने विचारले. मारू नकोस म्हणून विचारतो आहे की मार म्हणून, ते तिला कळले नाही.

"गरज लागली तर मारीन," ती म्हणाली.